फळमाशीवर प्रोजेक्ट करायचाय? पुण्यातल्या नव्या विद्यार्थ्यांसाठी, पहिल्या दिवसापासून

मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी डब्यात पेरू घेऊन आली. पेरू मऊ पडलेला, आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. तिनं नेटवरून फळमाशीच्या खाद्याची कृती उतरवून काढली होती आणि खाद्य घट्ट करणारी अगर पावडर कुठे मिळेल म्हणून विचारत होती. तिच्या हातातली कृती एका माशीची होती आणि डब्यातल्या अळ्या दुसऱ्याच माशीच्या. मराठीत दोघींचंही नाव फळमाशी! तिचे तीन आठवडे यात गेले होते. मी स्वतः एम.एस्सी.ला असताना याच नावानं घोळ घातला होता, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

१. आधी ठरवा: तुमची फळमाशी कोणती?

केळं जास्त पिकलं की स्वयंपाकघरात जी बारीक लालसर डोळ्यांची चिलटं घोंघावतात, ती ड्रोसोफिला. लांबी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. ती चांगल्या फळाला भोक पाडत नाही, आंबू लागलेल्या फळावरच्या यीस्टवर जगते. जीवशास्त्रातलं 'फळमाशीवरचं संशोधन' म्हणजे बहुतेक वेळा हीच. थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला तो हिच्यात, आणि त्यातून जनुकं गुणसूत्रांवर असतात हे पक्कं झालं. मॉर्गन यांना १९३३ मध्ये नोबेल मिळालं. त्यानंतर १९४६, १९९५, २०११ आणि २०१७ ची वैद्यकशास्त्राची नोबेलंही या चिलटावरच्या कामाला गेली आहेत. माणसाच्या आजारांशी जोडलेल्या जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांचं भावंड हिच्यात सापडतं, म्हणून पार्किन्सनपासून कर्करोगापर्यंतचे प्रश्न हिच्यावर तपासले जातात.

शेतकरी ज्या फळमाशीनं हैराण होतो ती बॅक्ट्रोसेरा. घरमाशीएवढी, अंगावर पिवळे पट्टे. मादी धडधाकट पेरूला, आंब्याला नळी टोचून सालीखाली अंडी घालते, अळ्या आतला गर खातात, फळ गळून पडतं आणि अळी जमिनीत शिरून कोष करते. काकडी, कारली, दोडका यांवर हिचीच चुलत बहीण, वेलवर्गीय फळमाशी.

दोघींची कुळंच वेगळी आहेत. ड्रोसोफिलाचं सगळं काम बाटलीत होतं, बॅक्ट्रोसेराचं बागेत. तुम्हाला आनुवंशशास्त्र, वर्तन, औषधांचे परिणाम यांत रस असेल तर पहिली घ्या. कीड-व्यवस्थापनात रस असेल आणि दर आठवड्याला बागेत जायची तयारी असेल तर दुसरी. दोन्ही एकदम घेऊ नका, एका सत्रात झेपत नाही.

२. प्रश्न छोटा, वेळापत्रक नेटकं

ड्रोसोफिलाची एक पिढी २५ अंश सेल्सिअसला साधारण १० दिवसांत पूर्ण होते: अंडं एक दिवस, अळी चारेक दिवस, बाकीचा काळ कोष. १८ अंशाला हेच जवळपास दुप्पट. म्हणजे दोन पिढ्यांचा साधा संकर धरला तरी मोजणीसह महिना लागतो, आणि पहिला प्रयत्न हमखास पुन्हा करावा लागतो. जुलैत सुरू केलंत तर नोव्हेंबरच्या सबमिशनपर्यंत तीन पूर्ण फेऱ्या होतात. ऑक्टोबरात सुरू करणाऱ्याला एकच मिळते.

'प्रदूषणाचा माशीवर परिणाम' हा प्रश्न नव्हे, विषय झाला. 'खाद्यात अमुक इतकं कॅफीन घातलं तर कोषातून बाहेर पडणाऱ्या माश्यांची संख्या कमी होते का' हा प्रश्न. यात काय मोजायचं ते आधीच ठरलेलं आहे.

३. कागदपत्रं

ही फाइल पहिल्याच आठवड्यात तयार ठेवा:

- मार्गदर्शक शिक्षकांच्या सहीचा एकपानी प्रस्ताव
- विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत (बाहेरच्या संस्थेत पाऊल टाकायलाच लागतात)
- बागेत काम असेल तर शेतकऱ्याचं लेखी संमतीपत्र, मराठीत, दोन प्रती
- वेताळ टेकडी, सिंहगड अशा वनखात्याच्या जागेत सापळा लावायचा असेल तर वनविभागाची आगाऊ परवानगी
- जनुकीय बदल केलेल्या माश्या वापरणार असाल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता

साध्या, नैसर्गिक उत्परिवर्तनाच्या माश्यांना ही शेवटची मान्यता लागत नाही. म्हणून पहिल्या प्रोजेक्टला मी पांढऱ्या डोळ्यांच्या किंवा आखूड पंखांच्या माश्याच सुचवते.

४. माश्या मिळवा

घराच्या गॅलरीत केळं ठेवून चिलटं पकडता येतात, पण त्या एकाच जातीच्या नसतात. आपल्याकडे त्यांच्यात झाप्रियोनस इंडियानस ही पांढऱ्या पट्ट्यांची जात भरपूर मिसळलेली असते. ती पट्ट्यांवरून लगेच कळते, बाकीच्या जाती नवख्याला वेगळ्या काढता येत नाहीत. संकराच्या कामाला शुद्ध वाण हवा.

पुण्यात पाषाणच्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आणि आघारकर संशोधन संस्थेत ड्रोसोफिलावर काम चालतं. आयसरमध्ये एल. एस. शशिधर यांच्या गटानं माशीचा हॉल्टर कसा घडतो यावर काम केलं आहे. माशीला पंखांची एकच जोडी असते, दुसऱ्या जोडीच्या जागी तोल सांभाळणारे हे दोन छोटे दांडके असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा माशी बघाल तेव्हा पंखामागे ते नक्की शोधा. देशपातळीवर म्हैसूर विद्यापीठात राष्ट्रीय ड्रोसोफिला स्टॉक सेंटर, म्हणजे माश्यांचे वाण सांभाळून ठेवणारं केंद्र आहे.

प्रयोगशाळेला ईमेल करताना 'मला फळमाश्या हव्या आहेत' एवढंच लिहू नका. कोणता वाण, किती व्हायल (माश्या ठेवायच्या छोट्या बाटल्या), कोणत्या तारखेला न्यायला येणार आणि मार्गदर्शक कोण, हे चार ओळींत लिहा. ती माणसं मदत करतात, पण त्यांचा दिवसही माश्यांच्या वेळेवर चालतो. आणि न्यायला जाताना तुमच्याकडे ताजं खाद्य तयार असलं पाहिजे.

५. खाद्य शिजवा

इथे घाई करू नका. माझ्या पाहण्यातले निम्म्याहून जास्त प्रोजेक्ट खाद्यावर अडकले आहेत.

आपल्याकडची सर्वात सोपी कृती रवा-गुळाची आहे. एक लिटर पाण्याला रवा १०० ग्रॅम, गूळ १०० ग्रॅम, अगर १० ग्रॅम आणि बुरशी रोखायला प्रोपिऑनिक आम्ल ७.५ मिलिलिटर. रवा आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्या, थेट उकळत्या पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्यांतूनच पुढे बुरशी फुटते. उरलेल्या पाण्यात अगर पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, मग गूळ घाला, गाळून घ्या (गुळात काड्या आणि वाळू असतेच), मग कालवलेला रवा सोडून सतत ढवळत राहा. विभागभर गुळाच्या सांज्याचा वास सुटतो. मिश्रण पळीवरून जाड धारेनं पडायला लागलं की गॅस बंद.

आता थांबा. प्रोपिऑनिक आम्ल उकळत्या मिश्रणात घातलं तर वाफेबरोबर उडून जातं आणि डोळे-घसा चुरचुरतो ते वेगळंच. पातेल्याला बाहेरून हात जेमतेम लावता येईल इतकं निवलं की, खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून घाला आणि पटकन ढवळून व्हायलमध्ये ओता. प्रत्येकीत आठ-दहा मिलिलिटर धरलं तर लिटरमध्ये शंभरेक व्हायल भरतात.

ओतल्यावर लगेच कापसाचा बोळा लावू नका. वाफ आत अडकते, काचेवर पाणी साचतं आणि दुसऱ्या दिवशी सोडलेल्या माश्या त्या पाण्याला चिकटून मरतात. रात्रभर वर मलमलचं फडकं घाला, पण कडेनं नीट खोचून. सैल राहिलं तर रानातली चिलटं आत अंडी घालून जातात आणि दहा दिवसांनी तुमच्या पांढऱ्या डोळ्यांच्या वाणात लाल डोळे दिसायला लागतात. सकाळी काच कोरडी झाली की कोरड्या यीस्टचे चार-पाच दाणे टाका आणि बोळा लावा.

गूळ संपूर्ण सत्राचा एकाच दुकानातून, एकाच ढेपेतला घ्या. दर वेळी वेगळा गूळ म्हणजे दर वेळी वेगळं खाद्य, मग अळ्यांच्या वाढीतला फरक कशामुळे आला ते सांगता येत नाही.

६. पुण्याची हवा आणि बीओडी

ड्रोसोफिलाला २५ अंश मानवतं. तिशीच्या पुढे नर वंध्य होऊ लागतात. माश्या जिवंत दिसतात पण अंड्यांतून काही निघत नाही. एप्रिल-मे मध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा बीओडी इन्क्युबेटरशिवाय, म्हणजे आतलं तापमान स्थिर ठेवणाऱ्या कपाटाशिवाय, काम करू नका. डिसेंबर-जानेवारीत उलट होतं: रात्री बाहेर दहा-बारा अंश असतं, उघड्यावरच्या व्हायल रेंगाळतात आणि पिढी तीन आठवड्यांवर जाते.

आपल्याकडे गुरुवार हा वीज आणि पाण्याच्या दुरुस्तीचा दिवस. बुधवारी संध्याकाळीच थर्माकोलचा खोका आणि गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या तयार ठेवा. वीज गेली की व्हायल खोक्यात, बाटल्या कडेला, मध्ये वर्तमानपत्राची घडी. थर्मामीटर आत ठेवून दर दोन तासांनी नोंद करा. ही नोंद प्रबंधात कामाला येते.

प्रत्येक वाणाचे दोन संच ठेवा, दोन वेगळ्या खोल्यांत. माइट्स शिरले तर एका खोलीतलं सगळं जातं. हे बारीक किडे अंडी आणि अळ्या खातात आणि बोळ्यामधूनही पसरतात. बाहेरून आलेला वाण दोन पिढ्या वेगळा ठेवा, तीन-चार आठवड्यांपेक्षा जुनी व्हायल ठेवू नका, आणि माश्या नव्या व्हायलमध्ये सोडताना बोळाही नवाच घ्या.

७. कुमारी माद्या

संकराचं सगळं यश इथे ठरतं. ड्रोसोफिलाची मादी एकदा मीलन झालं की नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवते आणि पुढे कित्येक दिवस तेच वापरते. तुम्ही तिला नंतर कितीही चांगला नर द्या, पिल्लांचा बाप कोण हे सांगता येणार नाही. म्हणून नराची गाठ पडण्याआधीच ती वेगळी काढावी लागते.

कोषातून बाहेर पडल्यावर पहिले आठेक तास मादी नराला स्वीकारत नाही. २५ अंशाला सकाळी व्हायलमधल्या सगळ्या माश्या काढून टाका आणि आठ तासांच्या आत निघालेल्या माद्या गोळा करा. रात्रीसाठी व्हायल १८ अंशाला ठेवा, म्हणजे सोळा तासांपर्यंत मुभा मिळते.

माश्या मुख्यत्वे पहाटेच बाहेर पडतात. ड्रोसोफिला या नावाचा अर्थच दवावर प्रेम करणारी. हे घड्याळ शरीरात कसं चालतं याचा माग जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांनी याच माशीत काढला, २०१७ चं नोबेल त्यासाठीच. त्यामुळे पहिली सफाई सकाळी आठ-साडेआठला व्हायलाच हवी. कॉलेज दहाला उघडत असेल तर चावीची सोय आधी करा.

नुकती निघालेली मादी फिकट, जवळजवळ पांढुरकी, पंख चुरगळलेले, आणि पोटावर सालीतून दिसणारा एक गडद हिरवट ठिपका. तो कोषातल्या काळातला मळ असतो. तो दिसला तर मादी निश्चित कुमारी. नर ओळखायला पोटाचं टोक बघा, ते काळं आणि गोलसर असतं. पुढच्या पायांवर बारीक काळी फणी असते, ती फक्त नराला. सुरुवातीला फणीवरूनच ओळखा, कारण ताज्या नराचं पोटही फिकटच असतं.

बेशुद्ध करायला ईथर वापरणार असाल तर खोलीत ज्योत, बर्नर, काहीही पेटलेलं नको. बर्फावर ठेवलेली पेट्री डिशही चालते आणि ती सुरक्षित. माश्या ओल्या होऊ देऊ नका.

मी केलेल्या पहिल्या संकरात पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या आणि लाल डोळ्यांचे नर होते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे मुली सगळ्या लाल डोळ्यांच्या आणि मुलगे सगळे पांढऱ्या डोळ्यांचे निघायला हवेत. मला तेरा मुली पांढऱ्या डोळ्यांच्या मिळाल्या. आठवडाभर मी त्यांचं स्पष्टीकरण शोधत होते. खरं कारण एवढंच, की त्यांच्या आयांपैकी काही कुमारी नव्हत्या. तुमच्याकडेही असं झालं तर आकडे दुरुस्त करू नका. वहीत जसेच्या तसे लिहा, नव्या माद्या काढा, पुन्हा करा.

कुमारी माद्या नुसत्याच तीन-चार दिवस व्हायलमध्ये ठेवून बघा. अळ्या दिसल्या तर तो संच टाकून द्या. संकर लावल्यावर पाच-सहा दिवसांनी आई-बाप काढून टाका, आणि अठराव्या दिवसानंतर मोजणी थांबवा, नाहीतर नातवंडं मुलांमध्ये मोजली जातात.

८. बागेतली फळमाशी

ज्यांनी बॅक्ट्रोसेरा निवडली त्यांच्यासाठी. आंबा-पेरूच्या बागेत मिथाईल युजेनॉलचे सापळे, वेलभाज्यांत क्यू-ल्यूरचे. ही दोन्ही ल्यूर, म्हणजे वासानं माश्यांना ओढणारी द्रव्यं. कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१५ मध्येच नर माश्या मिथाईल युजेनॉलकडे कशा ओढल्या जातात ते दाखवलं होतं. आपल्या तुळशीतही हे द्रव्य असतं. सापळा आणि ल्यूर कृषी सेवा केंद्रात तयार मिळतात.

लक्षात ठेवा, या सापळ्यांत नरच येतात. सापळ्यातला आकडा म्हणजे बागेतलं नुकसान नव्हे. नुकसान मोजायला फळंच तपासावी लागतात.

सापळा सावलीत, छातीच्या उंचीला टांगा. तारेला ग्रीस लावा. मुंग्या मेलेल्या माश्या वाहून नेतात आणि तुमचा आकडा निम्म्यावर येतो. दोन प्रकारच्या ल्यूरला वेगवेगळे हातमोजे. बोटाला लागलेला वास दुसऱ्या सापळ्यात गेला की मोजणी बिघडते. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी मोजा.

पेरूला फळमाशीचा जोर पावसाळ्यातल्या फळांवर सर्वात जास्त असतो, म्हणजे आंबे बहाराच्या. म्हणून काम जून-जुलैतच सुरू करा. गळलेली फळं गोळा करा, पसरट डब्यात दोन बोटं ओलसर वाळू घालून त्यावर ठेवा आणि मलमलनं घट्ट बांधा. पूर्ण वाढलेली अळी शरीर वाकवून उडी मारते, उघड्या डब्यातून सहज बाहेर जाते. आठवड्यानं वाळू चाळा, तांदळासारखे तपकिरी कोष मिळतील.

यापुढे एक चूक जवळजवळ सगळे करतात. माशी कोषातून निघाली की लगेच अल्कोहोलमध्ये टाकतात. तेव्हा अंगावरचे रंग आणि पट्टे उमटलेले नसतात आणि मग जात ओळखता येत नाही. चार-पाच दिवस जाळीच्या पिंजऱ्यात साखरपाणी देऊन जगवा, मग मारा.

९. जात ओळखणं

हातभिंगापेक्षा साधा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक बरा. छातीवर बाजूंच्या दोन पट्ट्यांबरोबर मधोमध तिसरा पिवळा पट्टा असेल तर वेलवर्गीय फळमाशी. पंखाच्या पुढच्या कडेला सलग बारीक गडद रेघ आणि पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण असेल तर बहुधा बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. ती रेघ तुटक, पंखाच्या टोकाशी फक्त ठिपका, आणि अंग तांबूस असेल तर बॅक्ट्रोसेरा झोनाटा. अंतिम खात्री तज्ज्ञाकडूनच करा. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र विभाग आहे. बारामती आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रांत शेतकऱ्यांशी ओळखीही होतात.

१०. वैद्यकीय माश्या: लांबूनच

घरमाशी, मांसमाशी किंवा वाळूमाशी पाळायचा विचार करू नका. जंतू वाहणाऱ्या माश्यांना बंदिस्त सोयी लागतात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या नसतात. या विषयात रस असेल तर आधी वाचन करा. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून नाव पडलेला विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं शोधला. तो वाळूमाशीमार्फत पसरतो. इथून वाचायला सुरुवात केलीत तर वर्षभराचं काम आहे.

११. संपताना

उरलेल्या व्हायल कचऱ्यात टाकण्याआधी चोवीस तास डीप फ्रीझरमध्ये ठेवा, माश्या बाहेर सोडू नका. ओळखलेल्या प्रत्येक जातीचे दोन-तीन नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये, तारीख आणि गाव पेन्सिलीनं लिहून आतच ठेवा. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. आणि बागेत काम केलं असेल तर आठवड्यांचे आकडे एका पानावर मराठीत मांडून शेतकऱ्याच्या हातात द्या, त्याच्या पुढच्या बहाराच्या आधी.